पहिला घास ज्वालामुखीला

ज्वालामुखी बघायला जाताना माणसाने बरोबर काय न्यावं? मी दुर्बीण, टोपी, उलटीच्या गोळ्या आणि कॉलेजच्या वाचनालयातलं एक जाडजूड पुस्तक घेतलं होतं. अप्पांनी चुरमुऱ्यांचं पोतं घेतलं होतं. हुबळीच्या विमानतळावर ते पोतं तपासणीच्या यंत्रातून गेलं, तेव्हा पडद्यासमोर बसलेल्या माणसाने ते मागे घेतलं, पुन्हा पुढे सोडलं आणि शेवटी विचारलं, "इसमें क्या है?"

"चुरमुरे."

"और क्या है?"

"और हवा है," अप्पा म्हणाले. ते अगदी खरंही होतं.

त्या माणसाने मदतीच्या आशेने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे बघत उभा राहिलो. अप्पांबरोबर चार माणसांत वावरायचं तर छताकडे बघायची सवय लावून घ्यावीच लागते.

अप्पा माझे घरमालक. जुन्या हुबळीतल्या एका अरुंद बोळात त्यांची चुरमुऱ्यांची भट्टी, भट्टीला लागून घर आणि घराच्या माडीवर दोन खोल्या. विद्यानगरच्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवायला लागलो तेव्हा त्या खोल्या भाड्याने घेतल्या. मित्र म्हणत होते, देशपांडे नगरात बघ, चांगली वस्ती आहे. पण तिथले मालक जागा दाखवायच्या आधी माझं लग्न का झालं नाही याची चौकशी करत. अप्पांनी फक्त एवढंच विचारलं, "धूर चालतोय काय?" मी चालतो म्हणालो. महिन्याभरात माझे सगळे पांढरे शर्ट राखाडी झाले. पण शब्द देऊन बसलो होतो, आणि तिथे पंधरा वर्षं राहिलो.

अप्पांची सगळी मिजास त्यांच्या विस्तवाची होती. त्यांचे आजोबा गडहिंग्लजकडून पोटासाठी हुबळीला आले, तेव्हा घरच्या चुलीतले निखारे मडक्यात घालून बैलगाडीतून घेऊन आले, आणि तेव्हापासून भट्टीतला विस्तव एकदाही विझलेला नाही, असं अप्पा येईल त्याला सांगत. रात्री निखाऱ्यांवर राख ओढायची, पहाटे ती बाजूला सारायची, वर मूठभर तूस टाकायचं, की झाला तो जागा. मी नवा होतो तेव्हा भूगोलाच्या मास्तराला शोभेल असा प्रश्न विचारला होता, की बैलगाडीला इतके दिवस लागले असतील, तर मडक्यातले निखारे टिकले कसे?

"तुमी तिथं होतासा?" अप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

विषय तिथेच मिटला. त्या घरात काडेपेटी नव्हती. देवापुढची उदबत्ती, अप्पांची विडी, एवढंच काय, स्वयंपाकघरातला गॅससुद्धा भट्टीतली पेटती काटकी आणून पेटवला जाई. बोळातली होळी अप्पांच्या निखाऱ्यावर पेटे. शेजारच्या बायका संध्याकाळी धुपाटणं घेऊन येत आणि अप्पा चिमट्याने निवडून, हलवाई पेढा देतो तसा, एकेक निखारा देत. विस्तवाचा उल्लेख ते नेहमी 'तो' असा करत. "तो जेवला काय गं?" असं आतल्या बाजूला ओरडून विचारत, तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं की घरात एखादा आजारी म्हातारा आहे.

प्रत्येक घाण्यातले पहिले मूठभर चुरमुरे त्या विस्तवाला. तापलेल्या वाळूत तांदूळ पडला, तडतडून फुलला, चाळणीवर आला की पहिली मूठ खाली जाळात. "त्येच्या जिवावर आपण खातोय, मग आधी त्येला नको?" गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी हे चुकत नसे. एकदा एका गिऱ्हाइकाने, 'अप्पा, लगून माडरी, लवकर करा, बस जाईल माझी' अशी अर्ध्या कन्नडात अर्ध्या मराठीत गयावया केली. अप्पांनी पहिली मूठ जाळात टाकली, दुसरी त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "खात खात जावा. बस थांबती." बस थांबली नाही. तो माणूस परत येऊन आणखी पाव किलो घेऊन गेला.

माणसांची वर्गवारीही ते चाळणीनेच करत. काही माणसं फुललेली, काही गणंग, म्हणजे कितीही तापवा, जशीच्या तशी कडक राहणारी. मी बरीच वर्षं गणंगात होतो. एका दिवाळीत मी अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, चकलीचा सोऱ्या फिरवू लागलो, तेव्हा अप्पांनी जाहीर केलं, "मास्तर फुलाय लागलं." मला त्या दिवशी जितका आनंद झाला तितका पीएच.डी. मिळाली तेव्हा झाला नव्हता.

आणि धूर. अप्पा धूर वाचत. माडीच्या गच्चीवर माझ्या खुर्चीत बसून, लांबच्या एखाद्या धुराच्या रेषेकडे बघून सांगत, की ते लाकूड ओलं आहे, किंवा तिथे कोणीतरी प्लास्टिक जाळतंय, किंवा तो मंगल कार्यालयाचा जाळ आहे आणि आचारी नवखा आहे. एकदा मी मुद्दाम स्कूटर काढून खात्री करायला गेलो. आचारी खरंच नवखा होता. मला फार राग आला, कारण मी अप्पांना खोटं पाडायला गेलो होतो.

हे सगळं गमतीचं होतं, पण त्याला एक दुखरी बाजू होती. भट्टीच्या धुराने अक्कांना खोकला जडला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की धुरापासून लांब राहा, आणि त्या राहायच्या धुराच्या पोटातच. पहाटे उठून राख सारायचं, विस्तव जागा करायचं काम पहिल्यापासून अक्कांचं होतं. अप्पांच्या मुलाला भट्टी काढून गॅसवर चालणारं यंत्र बसवायचं होतं. तो चाळिशीचा, चांगला जबाबदार माणूस, बाजारात दुकान सांभाळणारा आणि तिथेच वेगळा राहणारा. तो वर्षातून दोनदा विषय काढायचा आणि अप्पा एकच उत्तर द्यायचे, "तीन पिढ्यांत मोडलं न्हाई ते मी मोडू काय रे?" मग मुलगा माझ्याकडे बघायचा, मी छताकडे बघायचो आणि आतून अक्कांच्या खोकल्याचा आवाज यायचा.

अशातच एके दिवशी मी मोबाइलवर मुलांना दाखवायची चित्रफीत बघत बसलो होतो. अंदमानाच्या बाजूला समुद्रात बॅरन नावाचं बेट आहे, आपल्या देशातला एकमेव जागता ज्वालामुखी. अप्पा मागे येऊन उभे राहिले.

"केवढी भट्टी ओ ही! कुणाची?"

"कुणाची नाही अप्पा. ज्वालामुखी आहे."

"तूस कोण घालतंय?"

"कुणी नाही. आपोआप."

अप्पांचा विश्वास बसेना. चार दिवस ते मला जिन्यात, बोळात, नळावर गाठून त्याच्याविषयी विचारत राहिले. पाचव्या दिवशी त्यांनी मुलाला बोलावून सांगितलं, "ते मला डोळ्यांनी बघायचंय. ते बघून आलो की तुझ्या गॅसचं बघू." मुलाने दुसऱ्याच दिवशी तिकिटं काढली. एक अप्पांचं आणि एक माझं, कारण 'सर, तुमचा विषयच आहे.' खरं सांगायचं तर पंधरा वर्षं मी फळ्यावर ज्वालामुखीचा उभा छेद काढत आलो होतो, लाल खडूने लाव्हा रंगवत होतो, आणि प्रत्यक्षात एकही पाहिला नव्हता. अक्का येणार नव्हत्या. त्यांना विस्तव सांभाळायचा होता.

पोर्ट ब्लेअरला समुद्र खवळलेला म्हणून दोन दिवस नुसते बसून काढावे लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी, उद्या पहाटे बोट सुटणार असा निरोप आला. अप्पा पलंगावर बसून पोत्याची दोरी पुन्हा बांधत होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. अक्का होत्या.

"सर, जरा भायेर या. ह्यांच्यासमोर बोलू नका."

मी व्हरांड्यात गेलो.

"विस्तव गेला ओ."

मी मागे वळून खोलीचं दार ओढून घेतलं.

"काल भाचीकडं हळदी-कुंकू होतं. देशपांडे नगरातनं यायला उशीर झाला. येऊन राख काढतेय तर खाली सगळं गार. हात घातला तरी चटका न्हाई."

"मग आता?"

"आता काय. काडी लावली, पेटवला."

"पण घरात काडेपेटी कुठं आहे?"

"पापडाच्या डब्यात. खाली, कागदाखाली." अक्का थोडं थांबल्या. "पोरगा झाला तेव्हापासनं ठेवलीय. हे काय पयल्यांदा न्हवं. आत्ताचं धरून पाच खेपेला झालं. ह्यांना कळलं तर मोडून पडतील ओ सर. तुमाला सांगितलं, कारण... कुणाला तरी सांगायला पायजे होतं. पोटात मावंना."

फोन ठेवून मी आत आलो. अप्पांनी विचारलं, "काय म्हणती? तो बरा हाय न्हवं?" मी म्हणालो, बरा आहे. आणि मग रात्र होईपर्यंत त्यांच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. मला दिसत होतं की हे एक वाक्य मी बोललो तर सगळा तिढा सुटतो. जे मोडलं नाही ते मोडू कसं, हा त्यांचा प्रश्न. ते तर पाच वेळा मोडून बसलं होतं. गॅस येईल, धूर जाईल, अक्कांचा खोकला जाईल. फक्त समोरचा माणूस, ज्याचा सगळा ताठा त्या एका गोष्टीवर उभा होता, त्याचं पुढे काय होईल ते मला सांगता येत नव्हतं.

पहाटे बोट सुटली. तीसेक प्रवासी होते आणि माहिती सांगायला एक पन्नाशीची बाई, गळ्यात शिट्टी, हातात ध्वनिक्षेपक, बोलणं खणखणीत. पहिल्या तासाभरातच माझ्या गोळ्यांनी हात टेकले. मी बाकावर आडवा झालो. ज्वालामुखीवर पीएच.डी. केलेला माणूस कागदाच्या पिशवीत तोंड घालून पडलेला आणि ज्यांनी सौंदत्तीचं तळं सोडून पाण्याचा मोठा साठा पाहिलेला नव्हता ते अप्पा, डोक्याला टॉवेल गुंडाळून, कठड्याला धरून ताठ उभे.

चार तासांनी शिट्टी वाजली. मी कसाबसा उठलो. समोर समुद्रातून एक काळा डोंगर वर आला होता. एका अंगाला झाडी, दुसऱ्या अंगाला काळ्या दगडांचा लोट थेट पाण्यापर्यंत, आणि माथ्यावरून पांढुरका धूर सावकाश तिरपा निघालेला. मी पंधरा वर्षं लाल खडू वाया घालवला होता. लाल काहीच नव्हतं. आणि तरीही माझ्या अंगावर काटा आला.

अप्पा बराच वेळ धुराकडे बघत होते. मी वाट बघत होतो की आता म्हणतील, लाकूड ओलं आहे. मग त्यांनी पोत्याची दोरी सोडली, मूठ भरली आणि हात कठड्याबाहेर काढला. लगेच शिट्टी.

"अप्पाजी! समुंदर में कुछ नहीं डालना!"

"समुंदर को नहीं, उसको," अप्पा डोंगराकडे बोट दाखवत म्हणाले. "किनारे पे उतारो, मैं जाके डालता."

बेटावर उतरायची परवानगी कुणालाच नाही, बोटीतूनच बघायचं, हे बाईने त्यांना तीनदा समजावलं. अप्पा मूठ तशीच धरून उभे. पहिली मूठ परत पोत्यात टाकणं त्यांना शक्य नव्हतं आणि स्वतः खाणं तर त्याहून नाही. शेवटी त्यांनी ती मूठ बाईच्या हातावर ठेवली. "तो तुम लेव. तुम रोज उसके पास आता." बाईला हसू आवरेना. तिने खाल्ले. मग पोतं बोटभर फिरलं. मळमळणाऱ्या पोटाला कोरडे चुरमुरे बरे वाटतात असं निघालं, आणि अर्ध्या तासात सगळी आडवी झालेली मंडळी उठून बसली. मीसुद्धा.

खात खात बाई सांगत होती, की या बेटावर रानटी शेळ्या आहेत, आणि हा डोंगर मधली शंभरावर वर्षं अगदी गार पडला होता. लोकांना वाटलं, मेला. मग एक दिवस आपणहून जागा झाला.

"बीच में बुझ्या था?" अप्पांनी एकदम विचारलं.

"सो गया था, अप्पाजी."

"फिर किसने लगाया?"

"किसी ने नहीं."

लोक हसले. अप्पा हसले नाहीत. ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"मास्तर, हे तुमच्या पुस्तकात हाय?"

"आहे."

"मग आधी सांगायचं न्हाई?" त्यांनी टॉवेलाने तोंड पुसलं. "आमचा बी मधी मधी गेलाय. चार खेपेला."

पाच, असं माझ्या अगदी ओठावर आलं. मी चुरमुरे तोंडात कोंबले.

"काडीनं पेटवलेल्या विस्तवाचा धूर आठ दिवस कोवळा येतो. ते मला कळणार न्हाई? पहिल्यांदा गेला तेव्हा ती ओली बाळंतीण. अंगात ताप. पहाटे उठून बघितली असंल, गार. कुठनं काडी आणली देव जाणे. पेटवली, आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, तो हाय ओ, जागा हाय. थरथरत होती. मी काय म्हणणार? म्हटलं, हाय तर हाय."

"मग गॅसला का नाही म्हणता?"

"मी व्हय म्हटलं की तिच्या मनात येणार, ह्यांना कळलं वाटतं. माझ्यासाठी म्हणून एवढी वर्षं जपलीय तिनं. तिला वाटतंय माझा जीव हाय त्येच्यात." ते पुन्हा डोंगराकडे वळले. "हे बरं हाय बघा. कुणी घालत न्हाई, कुणी पहाटे उठत न्हाई. झोपला तर झोपला."

मला त्या दोघांचाही संताप आला. एक विस्तव राखतेय नवरा मोडेल म्हणून, दुसरा राखतोय बायको ओशाळेल म्हणून, आणि मध्ये माझे शर्ट! पण संतापाबरोबर डोळ्यांत पाणीही आलं, आणि ते मी समुद्राच्या खारट वाऱ्यावर ढकललं.

"आता तुमी तिला काय बी सांगायचं न्हाई," अप्पा म्हणाले. मी मान हलवली. एका माणसाच्या पोटात दोन गुपितं आणि वर चुरमुरे, अशा अवस्थेत मी परत आलो.

हुबळीत रिक्षा बोळाच्या तोंडाशी थांबली. अप्पा खाली उतरले, मान वर करून घरावरच्या धुराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "पाच." मी पिशव्या मोजायला लागलो.

अक्का दारातच होत्या. अप्पांनी चप्पल काढायच्या आत त्या म्हणाल्या, "अहो, विस्तव गेल्ता. मीच पेटवला. आठ दिवस एकटीच घरात, हेच डोक्यात. आता माझ्यानं लपवणं व्हईना. ह्याच्या आधी बी गेलाय."

"ठाऊक हाय," अप्पा म्हणाले.

"काय ठाऊक हाय?"

"पहिल्यापासनं सगळं. धूर बघून कळतंय की."

अप्पांना वाटलं असावं की आता सगळं गोड होणार. मलाही तसंच वाटलं होतं. अक्कांचा चेहरा मात्र हळूहळू लाल झाला.

"पहिल्यापासनं? पोरगा चाळिशीला आला! रोज पहाटे माझा जीव टांगणीला, आणि हे वर तोंड करून धूर बघत बसले?"

पुढचे दोन दिवस त्या अप्पांशी बोलल्या नाहीत. "सर, त्यांना सांगा, भात वाढलाय," असा निरोप त्या माझ्यामार्फत देत, आणि अप्पा समोर बसलेले असत. तिसऱ्या दिवशी अप्पांनी मुलाला बोलावलं आणि गॅसचं काम करणाऱ्यांना घेऊन ये म्हणून सांगितलं. पूजा नाही, नारळ नाही. नुसतं तूस घालणं थांबवलं. बोळातली एक म्हातारी काकुळतीला येऊन विचारायला आली, आता होळी कशानं पेटवायची? अक्का आत गेल्या आणि पापडाच्या डब्यातली काडेपेटी आणून तिच्या हातावर ठेवली. ते बघून अप्पा खो खो हसले, आणि मग अक्काही हसल्या.

विस्तव चांगला दोन दिवस धुगधुगत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघालो तर बोळात पाइप आणि हातोडे घेऊन चार कामगार उभे, मुलगा उभा, दोन-तीन शेजारी उभे, आणि पायरीवर अप्पा ओठांवर बोट ठेवून बसलेले.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"हळू बोला. झोपलीय."

"बरं नाही का त्यांना?"

"बरं हाय. झोपलीय."

साडेनऊ वाजले होते. कामगारांनी काहीतरी विचारलं तर अप्पा कन्नडात "इरली, इरली," राहू द्या, असं पुटपुटले आणि स्वतः आत जाऊन सगळ्यांसाठी चहा करून घेऊन आले. फार वाईट झाला होता. सगळा बोळ तो उभ्याउभ्या, आवाज न करता प्याला. माझा पहिला तास बुडाला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

दहाच्या सुमाराला अक्का धडपडत बाहेर आल्या. केस सुटलेले, गालावर उशीच्या वळ्या. दारात एवढी माणसं बघून त्यांनी पदर सावरला आणि अप्पांवर ओरडल्या, "दहा वाजले! मला उठवलं का न्हाई?"

"कशाला?" अप्पांनी विचारलं.

अक्कांनी गार पडलेल्या भट्टीकडे पाहिलं, मग अप्पांकडे. मग त्या पायरीवर अप्पांच्या शेजारी टेकल्या आणि उरलेला गार चहा पुढे ओढला.